आठ दिवसांनी कोणता वार?

निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: दर रविवारी त्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मोबाईलवर वीस प्रश्नांची क्विझ घेतात. सुरुवात गावच्या मुलांपासून झाली, मग पाहुण्यांची मुलं जोडली गेली. आता बेळगाव, खानापूर, चंदगडबरोबर मस्कत, दुबई, जर्मनी आणि न्यू जर्सीतलीही मुलं असतात. प्रश्न मराठीत, खाली इंग्रजी भाषांतर. आणि दर आठवड्याला तक्रारी: 'माझं उत्तर बरोबर होतं, ॲपनं चूक दिलं', 'हा शब्द आम्हाला शिकवलाच नाही', 'वाचेपर्यंत वेळ संपला'. प्रश्न सगळ्यांना सारखे कळावेत, कुणावर अन्याय होऊ नये, पण क्विझ अगदी बेचव, कुठलीच नसल्यासारखीही होऊ नये, हे कसं जमवायचं?

बाई, मी खानापूर तालुक्यात सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि आता घरी बसून ऑनलाइन स्पर्धांचे प्रश्न काढतो, दुसऱ्यांचे तपासतो. तुमच्या यादीतली एकही तक्रार मला नवी नाही. त्यातल्या बहुतेक माझ्याच चुकांमुळे माझ्याकडे आल्या होत्या. पहिली सांगतो.

प्रश्न होता: 'आज गुरुवार, गावचा बाजार. आठ दिवसांनी कोणता वार असेल?' माझ्या डोक्यात सातने भागून बाकी काढणं होतं. आठ भागिले सात, बाकी एक, म्हणून शुक्रवार. निम्म्या वर्गानं गुरुवार लिहिलं आणि मी फुल्या मारत सुटलो. एका मुलीची आई त्याच बाजारात भाजी घेऊन बसायची. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, बाजार आठ दिवसांनीच येतोय की!" खरंच होतं तिचं. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की आपल्याकडं पुढच्या आठवड्याचा तोच वार समजतात आणि 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, मोजून चौदा दिवस. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या मुलीला भागाकार चोख येत होता. मी गुण कापले ते माझ्या मनातलं तिला ओळखता आलं नाही म्हणून.

तेव्हापासून प्रश्न काढला की मी स्वतःला एकच विचारतो: गणित येणारं मूल हा प्रश्न चुकू शकेल का, आणि चुकलं तर कशानं? सीमेवर राहणाऱ्याला हे कळायला जड जाऊ नये. बेळगावच्या खडेबाजारात दुकानदार कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणतो तेव्हा तो वीस आधी आणि पाच नंतर सांगतो. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी येतात. पैसे तेवढेच. एकाच आकड्याला दोन नावं असतात हे आपली पोरं दुसरीत जायच्या आत शिकतात. प्रश्न काढायला बसलो की मात्र आपलं ते एकच नाव जगभर चालतं असं आपण धरून चालतो.

आता ॲपची तक्रार. जर्मनीतल्या मुलानं दीडसाठी '१,५' टाइप केलं असणार आणि ॲपमध्ये तुम्ही '१.५' भरलं असणार. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात. ती त्या मुलाची चूक नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम ही दोन्ही दशांश चिन्हं मान्य केली आहेत. त्याच परिषदेनं १९४८ पासून सांगितलंय की मोठ्या संख्येत अंकांचे गट पाडायचे तर मध्ये लहानशी मोकळी जागा सोडा, टिंब किंवा स्वल्पविराम घालू नका. त्यामुळं मान्य उत्तरांत '1.5', '1,5' आणि '3/2' तिन्ही भरून ठेवा, शिवाय देवनागरी अंकांतली रूपं वेगळी भरा, कारण पुष्कळ ॲपना देवनागरी दीड आणि इंग्रजी आकड्यांतला दीड या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. आणि एक खबरदारी, जी मला दोन वर्षं ठेच लागल्यावर सुचली: उत्तर दशांशानंतर तीन घरांचं कधी मागू नका. '१.२३४' हे एकाला सव्वाच्या आसपास वाटतं, तर दुसऱ्याला एक हजार दोनशे चौतीस. दोन घरं मागितली की हा घोळच संपतो.

मोठ्या संख्यांत आपला लाख आडवा येतो. आपण १,००,००० लिहितो, तर न्यू जर्सीच्या मुलाला स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर हवा असतो. आपली संख्या त्याला छापायची चूक वाटते. मी चार अंकांपर्यंत काहीच चिन्ह घालत नाही. त्यापुढं आकड्याबरोबर शब्दही देतो: '१ लाख, म्हणजे शंभर हजार'. अब्ज वापरायचा तर इंग्रजी भाषांतर जपून करा. आपला अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं, पण 'बिलियन'सारखाच ऐकू येणारा जर्मन शब्द एकावर बारा शून्यांसाठी आहे.

अंकांच्या लिपीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. देवनागरी अंकांवर माझं प्रेम आहे, सहीखालची तारीखसुद्धा मी देवनागरीत लिहितो. पण परदेशात वाढलेल्या मुलाला आपला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. पंधरा सेकंदांत त्यानं '४१' वाचायचं म्हणजे ती लिपीची परीक्षा झाली. मिश्र गटासाठी प्रश्नातले आकडे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवा. शब्द 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असा संविधानाच्या कलम ३४३ मध्येच आहे, तेव्हा आपलं काही गहाण पडत नाही. देवनागरी अंकांची गंमत एका वेगळ्या फेरीत करा आणि ती तशी आहे हे आधी सांगा.

तोंडी फेरी घेत असाल तर आणखी एक. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' फोनवर ऐकून पटकन वेगळं करणं इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जड जातं, आणि खरं सांगायचं तर आपल्याही काही मुलांना जातं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांची टिंगलही झाली. मी तेव्हा वाद घालणाऱ्यांच्या बाजूला होतो. आज क्विझ घेताना आकडा तोंडानं सांगतो आणि लगेच पडद्यावरही दाखवतो, म्हणजे त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं हे मान्य केल्यासारखंच आहे. गंमत म्हणजे जर्मन भाषेतही 'पाच आणि वीस' असाच क्रम असतो. तुमच्या जर्मनीच्या मुलाला पंचवीस सोपं जाईल, पण 'एकोण' त्याला कुठं सापडणार?

चिन्हांच्या क्रमावरून जे प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतात, सहा भागिले दोन, लगेच कंसात एक अधिक दोन, उत्तर एक की नऊ, ते क्विझमध्ये घालू नका. माझा त्यावर राग आहे. गणित येणारी दोन माणसं ज्यावर भांडतील तो प्रश्न वाईट लिहिलेला असतो, अवघड नसतो. आपण 'कंचेभागुबेव' (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) शिकवतो आणि त्यात 'चे' भागाकाराच्या आधी येतो. म्हणून '१२ ÷ ३ चे २' याचं उत्तर आपल्याकडं २. अमेरिकेतल्या मुलाच्या नियमात 'चे' नावाची पायरीच नाही. तो डावीकडून जाऊन ८ म्हणेल. भागाकाराचं चिन्हसुद्धा सगळीकडं एक नाही. जर्मनीत त्यासाठी विसर्गासारखी दोन टिंबं, आणि डेन्मार्क-नॉर्वेत तर आपलं हे ÷ पूर्वी वजाबाकीला वापरलं जायचं. उपाय जुनाच: आडवी रेघ मारून अपूर्णांक लिहा आणि जिथं शंका तिथं कंस घाला. कंसाला पैसे पडत नाहीत.

व्याख्यांचंही असंच. शून्य नैसर्गिक संख्या आहे का? आपल्या पुस्तकात नाही, एकपासून सुरुवात. फ्रान्समध्ये शून्य धरतात. तिथं तर 'धन' या अर्थाच्या शब्दातही शून्य येतं. यावर वाद नको, प्रश्नातच '१ पासून पुढच्या पूर्ण संख्या' असं लिहा. समलंब चौकोनाला भारतात आणि इंग्लंडमध्ये 'ट्रॅपेझियम' म्हणतात, अमेरिकेत 'ट्रॅपेझॉइड'. तिकडं 'ट्रॅपेझियम' म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला. शिवाय समांतरभुज चौकोन समलंबात मोजायचा की नाही यावर पुस्तकापुस्तकांत फरक आहे. म्हणून नाव द्या आणि पाठोपाठ 'ज्याच्या बाजूंची एकच जोडी समांतर आहे असा' एवढं जोडा. हे फक्त परदेशातल्या मुलांसाठी नाही. चंदगडचं मूल बालभारती वाचतं, तुमचं मूल कर्नाटकच्या पुस्तकाची मराठी आवृत्ती वाचतं, आणि शेजारचं मूल कन्नड माध्यमात आहे. कन्नडमध्ये 'चौक' म्हणजे चौरस. त्या पोराला तुम्ही 'चौकोन' म्हणालात की त्याच्या डोळ्यांपुढं चारी बाजू सारख्याच येतात. माझ्याच क्विझमध्ये तिघांनी त्यापायी गुण घालवले आहेत.

आपल्या मराठीतल्या काही जागा मात्र अशा आहेत की तिथं घरातलाच माणूस पडतो. 'किंमत दुपटीने वाढली': शंभरचे दोनशे झाले की तीनशे? दोन्ही अर्थ घेणारे लोक मला भेटलेत. 'दुप्पट झाली' लिहा, संपलं. 'दोन दिवसांआड पाणी येतं' यात पाणी दर तिसऱ्या दिवशी की दर दुसऱ्या, हे नळावर उभ्या असलेल्या बायकांनाच विचारा. 'परवा' कालच्याही आधीचा असतो आणि उद्याच्याही नंतरचा. '१० आणि ५० च्या दरम्यान' यात १० आणि ५० धरायचे का? '१० ते ५०, दोन्ही धरून' असं लिहिलं की दोन शब्द वाढतात, पण तक्रार येत नाही. तारीख कधी '३/४' लिहू नका, '३ एप्रिल' लिहा. अमेरिकेत ती ४ मार्च होते. 'पहिला मजला' तिकडं जमिनीवरचा असतो. क्रिकेट घ्यायचं तर 'षटक म्हणजे ६ चेंडू' हे लिहाच, आणि '३.४ षटके' म्हणजे २२ चेंडू, ते दशांश नव्हेत, हेही लिहा. नाहीतर न्यू जर्सीचं हुशार पोर ३.४ ला सहानं गुणून २०.४ चेंडू काढेल आणि चेंडूचे तुकडे कसे झाले म्हणून विचार करत बसेल.

आता क्विझ बेचव होण्याबद्दल, तिच्यातला बेळगावचा वास निघून जाण्याबद्दल. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथं बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या गणितात पैशांसाठी 'झेड' हे मुद्दाम बनवलेलं चलन वापरतात, म्हणजे कुठल्याच देशाच्या मुलाला ते ओळखीचं नको. इतक्या देशांत निकाल लावायचा तर ते शहाणपणाचंच आहे. पण रविवारच्या क्विझमध्ये झेड आणून तुम्ही पोरांना काय देणार? मला कुंदा हवा, मांडा हवा, ऊस हवा, चोर्ला घाट हवा. अट एकच: ती वस्तू माहीत नसली तरी गणित सुटलं पाहिजे.

उदाहरण घ्या. 'एका शेतकऱ्याकडे सव्वा एकर जमीन आहे. पाऊण एकरात त्याने ऊस लावला. किती गुंठे उरले?' हा आपल्या पोराला तोंडी हिशेब आहे. दुबईच्या पोराला मात्र तीन भिंती ओलांडायच्या आहेत: सव्वा, पाऊण, गुंठा. आणि त्यातली कुठलीच गणिताची नाही. आता असं लिहा: 'एका शेतकऱ्याकडे सव्वा (१ १/४) एकर जमीन आहे. त्यातल्या पाऊण (३/४) एकरात त्याने ऊस लावला. १ एकर = ४० गुंठे. उरलेली जमीन किती गुंठे?' वीस गुंठे. ऊस तिथंच राहिला, शेतकरीही राहिला, आणि ते पोर जाताजाता सव्वा-पाऊण शिकून गेलं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'ची सुरुवातही याच पद्धतीनं होते. आधी वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, असं सगळं मोजमाप सांगून टाकलंय आणि गणितं त्यानंतर आहेत. गुंठा सगळ्यांना माहीत असतो असं धरून चालणारे आपण, आणि त्यांनी कवडीसुद्धा समजावून सांगितली.

न दिसणाऱ्या सवयीसुद्धा तपासा. 'पेनची किंमत ४५ रुपये, १०० ची नोट दिली, किती परत?' आपल्याकडं छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लेबलवरची किंमत वेगळी आणि गल्ल्यावरची वेगळी, कर वरून लागतो. 'कर धरून' एवढे दोन शब्द घाला. 'ऑफिसला सुट्टी आहे म्हणजे रविवार' हे धरू नका, आखातात काही देशांत सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. पत्त्यांवर संभाव्यतेचा प्रश्न असेल तर ५२ पत्ते, चार प्रकार, प्रत्येकी तेरा, हे सांगा. काही घरांत पत्त्यांना हात लावू देत नाहीत, आणि ती घरं आपल्या गल्लीतही आहेत.

भाषांतराबद्दल. जागतिक गणित ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक देशाचे प्रतिनिधी प्रश्न आपापल्या भाषेत उतरवतात, मूल आपल्या भाषेत उत्तर लिहितं, आणि पहिल्या अर्ध्या तासात प्रश्न कळला नाही तर लेखी विचारता येतं. भारत त्यात १९८९ पासून आहे, १९९६ ला तर ती मुंबईत झाली होती. सहा प्रश्नांसाठी एवढा खटाटोप करतात. तुमच्याकडं एवढी माणसं नाहीत, पण एक गोष्ट जमेल: मराठी प्रश्न इंग्रजीत कुणी एकानं करावा आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं तो परत मराठीत आणावा. परत आलेला प्रश्न मूळ प्रश्नाशी जुळला नाही तर बहुतेक वेळा मूळ मराठीतच खोट निघते. मी हे काम आमच्या शेजारच्या कन्नड माध्यमाच्या बाईंकडून करून घेतो. त्या इंग्रजीतून मराठी करताना अडतात तिथं मुलंही अडणार, हे मी ठरवूनच टाकलंय.

वेळेबाबत माझं म्हणणं तुम्हाला कदाचित आवडणार नाही. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, ही सोय बंद करा. त्या गुणांत गणित किती आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावातलं नेटवर्क किती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. परदेशातलं मूल मराठी हळू वाचतं, इथलं मूल बापाच्या मोबाईलवर रेंज शोधत असतं. प्रत्येक प्रश्नाला पंधरा सेकंद देण्याऐवजी वीस प्रश्नांना मिळून एक वेळ द्या. ती ठरवायला मी नातवाला सगळे प्रश्न मोठ्यानं वाचायला लावतो, त्याला लागलेल्या वेळेची तिप्पट करतो. आणि क्विझ भारतात संध्याकाळी सातला असेल तर दुबईत साडेपाच असतात, पण न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ, कारण त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. चोवीस तासांत कधीही सुरू करू द्या.

पर्याय देताना चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांतून उचला. अपूर्णांकांची बेरीज असेल तर अंश-अंश आणि छेद-छेद मिळवून येणारं उत्तर एक पर्याय असू द्या. पण 'दुसऱ्या देशातल्या पद्धतीनं येणारं उत्तर' हा सापळा म्हणून ठेवू नका.

क्विझ झाल्यावर अर्धा तास काढा. ज्या मुलांना एकूण गुण चांगले पडलेत त्यांनी कुठला प्रश्न चुकवला ते पाहा, आणि चुकवणारी मुलं एकाच बाजूची आहेत का तेही. आखातातली हुशार मुलं सगळी सातव्या प्रश्नावर पडली असतील तर सातवा प्रश्न संशयित. मात्र चार-पाच मुलांवरून निकाल लावू नका, फोन करा आणि विचारा, "तू काय समजलास, ते सांग." मुलं फार स्पष्ट सांगतात. माझ्या वहीत मागच्या पानावर अशा शब्दांची यादी आहे, 'परवा', 'दुपटीने', 'दरम्यान', 'चौकोन', आता साठेक शब्द झाले असतील. नवा प्रश्न आधी त्या यादीवरून जातो.

आणि प्रश्न खराब निघालाच तर? सगळ्यांना गुण वाटून टाकायची आपल्याकडं सवय आहे. मी ते करत नाही. दोन वाचनं खरोखर शक्य असतील तर दोन्ही उत्तरं बरोबर धरायची. उत्तरांची किल्लीच चुकली असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा गुण मोजायचे, कुणाचा नंबर खाली गेला तरी. उत्तरच नसेल तर प्रश्न रद्द, आणि गुण एकोणीस प्रश्नांवर. काय केलं आणि का, हे त्याच रात्री ग्रुपवर दोन ओळींत टाकायचं, नाहीतर सकाळी आठला पालकांचे फोन सुरू होतात.